६२ रंग कशाला, २२ पुरेत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. दादर पश्चिमेच्या फुलबाजाराचा पहाटेचा फोटो. पुढे झेंडूचे दोन ढीग, एक केशरी, एक पिवळा. मागे हिरव्या नऊवारीतल्या मावशी, बाजूला टोपलीत निशिगंध, वर निळी ताडपत्री, खाली ओला रस्ता. हे सगळं १२ बाय १२ इंचांत, १३ मेशच्या, म्हणजे इंचाला तेरा भोकांच्या, एकेरी विणीच्या मोनो कॅनव्हासवर नीडलपॉइंटमध्ये, म्हणजे जाळीचं प्रत्येक भोक टाक्यानं भरत, उतरवायचंय. फोनमधल्या ॲपनं ग्राफ काढून दिला आणि सोबत डीएमसी या कंपनीच्या दोऱ्यांच्या ६२ नंबरांची यादी. दुकानात त्यातले बरेच मिळाले नाहीत, म्हणून अँकर या दुसऱ्या कंपनीतले ‘जवळचे’ घेतलेत. थोडं भरून पाहिलं तर फुलांचा ढीग ओळखू येत नाही आणि मावशींचा चेहरा ताडपत्रीत बुडालाय. कोणते रंग बदलू, असं तुम्ही विचारलंय.

एखाददुसरा रंग बदलून हे सुटणार नाही. यादीच बाजूला ठेवा. ग्राफ ठेवा, तो बाह्यरेषांसाठी उपयोगी पडेल.

ॲप काय करतं, तर फोटोचे चौकोन पाडतं, एकेक चौकोन सुटा उचलतं आणि त्याला सगळ्यात जवळचा दोरा शोधतं. तुमच्या कॅनव्हासवर १५६ गुणिले १५६, म्हणजे २४,३३६ टाके आहेत. तेवढ्या वेळा त्यानं हे केलं. शेजारच्या चौकोनात काय आहे, हे त्यानं एकदाही पाहिलं नाही. म्हणून झेंडूच्या ढिगात एक टाका तपकिरी, त्याला लागून एक गुलाबी, मग एक करडा असे सुटे टाके पडलेत. फोटोत ते फोनच्या कॅमेऱ्याचे दाणे होते, पहाटेच्या उजेडात ते येतातच. कॅनव्हासवर आता ती घाण दिसतेय. यादीत ज्या नंबराचे टाके वीस-पंचवीसच्या आत आहेत, तो नंबर डोळे मिटून काढून टाका. अपवाद फक्त मुद्दाम हवी असलेली चमक, म्हणजे नथीतला मोती किंवा ओल्या रस्त्यावरचा दिव्याचा ठिपका. एवढ्यानंच यादी बरीचशी आटोक्यात येईल.

उरलेल्यातून निवडायचं कसं? माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी शेड कार्ड हातात देतच नाही. शेड कार्डावर प्रत्येक रंग पांढऱ्या पुठ्ठ्यावर एकटा बसलेला असतो आणि तिथं तो सुंदरच दिसतो. कॅनव्हासवर त्याला चार बाजूंनी शेजार असतो, आणि शेजारानं रंग बदलतो. हे मनाचे खेळ नाहीत. १८२४ मध्ये मिशेल युजीन शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथं भिंतीवर लावायचे चित्रांचे पडदे, म्हणजे टॅपेस्ट्री, विणले जायचे. विणकरांची तक्रार होती की काळ्या रंगात दम नाही, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांमध्ये घातला की तो फिका पडतो. त्यानं काळी लोकर तपासली, दुसरीकडच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली, रंगाईत खोट सापडली नाही. खोट शेजारच्या निळ्या-जांभळ्याची होती. त्यावर काम करून १८३९ मध्ये त्यानं रंगांच्या परस्पर-परिणामाचा नियम प्रसिद्ध केला. पुढे चित्रकारांनी तो उचलून धरला, पण निघाला तो दोऱ्याच्या कामातून, हे आपण भरतकाम करणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

तुम्ही घरी करून पाहा. करड्या दोऱ्याचे, समजा डीएमसी ६४७ चे, दोन तुकडे घ्या. एक केशरी लडीवर आडवा ठेवा, दुसरा गडद हिरव्या लडीवर. केशरीवरचा करडा निळसर वाटेल, हिरव्यावरचा किंचित लालसर. दोरा तोच. तुमच्या चित्रात झेंडूला लागून ओला रस्ता आहे आणि ॲपनं त्या रस्त्याला निळे नंबर दिलेत. ते नकोतच. साधा करडा भरा, निळेपणा झेंडू देईल. एवढ्या एका गोष्टीनं तुमच्या यादीतले बरेच निळे गळतील.

आता मुख्य परीक्षा. रंगाच्या नावाआधी त्याचा गडद-फिकेपणा बघायचा. जमवलेल्या लड्या खिडकीशी एका पांढऱ्या कागदावर रांगेत मांडा, फोनवर फोटो काढा आणि त्यातला रंग शून्यावर आणा. तयार ‘ब्लॅक अँड व्हाइट’ फिल्टर वापरू नका, ते नाट्यमय दिसावं म्हणून काळं-पांढरं वाढवून ठेवतात. फोटो सुधारण्याच्या पर्यायांत रंगाची तीव्रता कमी करायची पट्टी असते, ती पूर्ण डावीकडे ओढा. आता कुठला केशरी नि कुठला हिरवा हे कळत नाही, फक्त करड्याच्या पायऱ्या दिसतात. चित्र उभं राहतं ते या पायऱ्यांवर.

तुमच्या यादीतले चार नंबर घ्या: ९०० हा जळका केशरी, ९८८ हा मध्यम हिरवा, ९३१ हा धुरकट निळा आणि ४३५ हा फिका तपकिरी. रंगात पाहिले तर एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. रंग काढून टाकलेल्या फोटोत चौघं जवळजवळ एकाच करड्यात येऊन बसतात. ॲपनं केलंय काय, तर झेंडूच्या सावलीला ९००, तिला लागून असलेल्या पदराच्या उजेडाला ९८८, मागच्या ताडपत्रीला ९३१ आणि त्या ताडपत्रीसमोरच्या चेहऱ्याला ४३५. दोन हातांवरून ठीक दिसतं. भिंतीवर लावून खोलीच्या दारातून बघाल तेव्हा फूल, पदर, चेहरा आणि ताडपत्री यांची एकच खिचडी. चेहरा बुडाला तो इथं. त्याचा रंग चुकलेला नाही, त्याच्या पाठीमागचा चुकलाय.

म्हणून चेहऱ्याच्या मागची ताडपत्री ३७५० नं भरा. तोही धुरकट निळाच, पण पुष्कळ गडद. केस त्या गडद निळ्यात थोडे मिसळतील, मिसळू देत. पहाटे पुलाखालच्या उजेडात केसांची कड कुणाला दिसते? गाल आणि कपाळ पुढे आलं की काम झालं. चेहऱ्यापासून दूर, वरच्या कोपऱ्याकडे ९३१ वर या, म्हणजे ताडपत्रीतून उजेड झिरपल्यासारखा वाटेल. ताडपत्रीचा खरा निळा यापेक्षा कितीतरी भडक असतो, मला माहीत आहे, मुंबईत पावसाळ्यात ती प्रत्येक गच्चीवर दिसते. पण भडक निळा आणि केशरी समोरासमोर आले की नजर दोघांमध्ये येरझारा घालत बसते. चित्र फुलांचं आहे, तर निळ्यानं मागं राहायचं.

झेंडूवर जरा थांबते, कारण सगळ्यांची पंचाईत इथेच होते. केशरी ढीग रंगवायचा म्हणून लोक पाच-सहा केशरी आणतात आणि सावलीला काळा किंवा गडद चॉकलेटी घालतात. पाच केशरी एकमेकांच्या इतके जवळ असतात की भरल्यावर ढीग सपाट दिसतो आणि काळ्याच्या ठिणग्या उडाल्यासारख्या वाटतात. झेंडूचं फूल हातात घेऊन पाकळ्यांच्या मुळाशी बघा. तिथं काळं काही नाही. तिथं केशरी तांबूस होत जातो, आणि दोन फुलांच्या फटीत तर विटकरी. म्हणून तीनच केशरी घ्या: उजेडाला ७४२, अंगाला ७४०, सावलीला ९००. फटींसाठी ३००, तो गडद तांबूस तपकिरी आहे. त्यात ७४० सगळ्यात जास्त लागेल आणि ७४२ सगळ्यात कमी. उजेड एकाच बाजूनं येतोय, तर ७४२ प्रत्येक फुलाच्या त्याच बाजूला दोन-तीन टाके, इतकाच. प्रत्येक फुलाभोवती गोल काढत बसू नका. ढिगाच्या वरच्या ओळीतली पाच-सहा फुलं नीट भरा, खालची नुसती ७४० आणि ९०० चे ठिपके राहू देत. डोळा उरलेली फुलं स्वतः मोजून घेतो.

पिवळ्या ढिगाला वेगळं तंत्र नाही, फक्त एक सावधगिरी. पिवळ्याच्या सावलीत करडा किंवा काळा आला की ती शेवाळी दिसते, फुलं शिळी वाटतात. पिवळा गडद होताना सोन्याकडे, मग मधाच्या रंगाकडे जातो. ७२७, ७२५, ७८२. फटींना तोच ३००, म्हणजे दोन्ही ढीग एकाच उजेडात बसल्यासारखे दिसतील. एकच गडद रंग चित्रभर फिरवला की चित्र बांधलं जातं. वेगवेगळ्या वस्तूंना वेगवेगळे गडद देण्याची हौस टाळा.

नऊवारीला ९८६ अंगाला, ९८८ उजेडाला आणि निऱ्यांच्या आतल्या घडीला ५००. हा ५०० निळसर झाक असलेला फार गडद हिरवा आहे. हिरव्याच्या उजेडाला पिवळसर आणि सावलीला निळसर, असं ठेवलं की कापड जड, सुती दिसतं. तिन्ही एकाच कुटुंबातले घेतले असते तर प्लास्टिकसारखं दिसलं असतं. आणि मगाशी सांगितलेली अडचण विसरू नका: ९८८ जिथं झेंडूच्या ९०० ला टेकतो तिथं कड नाहीशी होते. त्या जागी पदराला ९८६ द्या. फोटोत तिथं उजेड असला तरी द्या. फोटोला कळवायची गरज नाही.

काठाला जरीचा दोरा आणू नका. मेटॅलिक दोरा कॅनव्हासच्या भोकांतून ओढताना सुटतो, पिंजतो, आणि खऱ्या जरीचा असेल तर मुंबईच्या हवेत काळवंडतो. ६८० चा जुना सोनेरी अंगाला आणि मधेमधे ६७६ चे थोडे टाके. हिरव्याच्या शेजारी ते आपोआप चमकतात. पाच टाके सोडून एक फिका, असा नेम मात्र धरू नका, काठाला ठिपक्यांची नक्षी असल्यासारखं दिसेल. जिथं निरी उजेडाकडे वळते तिथंच.

चेहऱ्याचं बोलायचं तर तुमच्या ग्राफमध्ये तो जेमतेम एक इंचाचा आहे, म्हणजे आडवे तेरा टाके. ॲपनं त्यात अकरा रंग घातलेत आणि त्यातले काही गुलाबी आहेत. परदेशी किटांतले त्वचेचे नंबर बहुतेक त्या पीच-गुलाबी बाजूचे असतात, ते आपल्या चेहऱ्यावर चालत नाहीत. आपल्याकडे उन्हात काम करणाऱ्या बाईची त्वचा तपकिरीतच उजळते आणि तपकिरीतच गडद होते. ४३५, ४३३, ८९८. कपाळ, नाक आणि गालाचा वरचा भाग ४३५. गालाचा खालचा भाग, मान, हात ४३३. डोळ्यांची खोबण आणि हनुवटीखाली ८९८. तेरा टाक्यांत डोळ्याचा पांढरा भाग, बुबुळ, भुवई, ओठ असं काही बसवायला जाऊ नका, राक्षस होतो. दोन गडद टाके, एक कुंकवाचा. कुंकवाला नवा लाल आणायची गरज नाही, ९०० चालतो, तपकिरीवर तो लालच वाटतो. केसांना ३३७१, हा काळसर तपकिरी. ३१० चा काळा या चित्रात कुठंच नको, तो कॅनव्हासला भोक पडल्यासारखा दिसतो.

निशिगंधाला शुभ्र पांढरा आणाल तर चित्रातला सगळ्यात उजळ ठिपका तोच होईल, आणि पाहणारा फुलांचे ढीग, मावशी सगळं सोडून त्या कोपऱ्यातल्या टोपलीकडे बघत राहील. बी५२०० नाव असलेला दुधी-निळा शुभ्र तर अजिबात नको. ३८६५ घ्या आणि सावलीला ३०७२. तोच ३०७२ ओल्या रस्त्यावरच्या चमकेला वापरा, आणि बाकी रस्ता ६४७ आणि ६४५ मध्ये.

मोजलं तर हे २२ नंबर होतात. यातला एकही शेवटचा शब्द समजू नका. तुमच्या फोटोत जे दिसतंय त्यावरून मी हे सांगतेय, लड्या समोर ठेवून नाही. रंग काढलेला फोटो पुन्हा घ्या, पायऱ्या दिसतायत का बघा. उजेड, मधला आणि गडद हे तीन गट हाताच्या अंतरावरून वेगळे पडले पाहिजेत. नाही पडले तर मधल्यातला एक काढून त्याच्या जागी आणखी गडद घ्या. बहुतेक वेळा कमतरता गडदाचीच असते. दुकानात गडद लडी कुणाला आवडत नाही, सगळ्यांचा हात मधल्या गोड रंगांकडे जातो.

आता दुकान. डीएमसीच्या साध्या सुती दोऱ्याचे ५०० रंग आहेत, अँकरचा विस्तार थोडा लहान आहे, आणि दोघांचे नंबर एकमेकांशी काहीही नातं न ठेवता दिलेले आहेत. अँकरचा ४०३ म्हणजे काळा, डीएमसीचा ३१०. तक्ते मिळतात, पण त्या तक्त्यांत डीएमसीचे दोन वेगळे नंबर अँकरच्या एकाच नंबरावर येऊन बसल्याचं बरेचदा दिसेल. तुमच्या बाबतीत असं झालं की सावली आणि उजेड एकच होऊन बसतात. म्हणून तक्त्याचा उपयोग फक्त दुकानात कुठल्या ड्रॉवरपाशी उभं राहायचं एवढ्यापुरता. मग तिथं त्या कुटुंबातल्या चार-पाच लड्या काढायला लावा आणि तीनच निवडा: एक फिकी, एक मधली, एक गडद. दोन कंपन्या एकाच चित्रात चालतात, सुती सहा पदरी दोऱ्याची जाडी सारखीच असते. मी स्वतः अँकरमध्ये बहुतेक काम भागवते, कारण मधेच लडी संपली तर ती मुंबईत मिळते. डीएमसीचा एखादा गडद हिरवा किंवा मधाचा पिवळा अँकरमध्ये मनासारखा सापडत नाही, तेवढाच मागवते.

दादर स्टेशनच्या पश्चिमेला आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत भरतकामाचं सामान मिळतं. तिकडे सकाळी दुकानं उघडल्यावर जा. गर्दी कमी असते म्हणून तर आहेच, पण मुख्य म्हणजे दुकानदार लड्या घेऊन दारापर्यंत येऊ देतो. आपल्याला मॅचिंग सेंटरची सवय आहे: साडीचा काठ दाखवायचा आणि ब्लाउजपीस रस्त्यावरच्या उजेडात नेऊन बघायचा. उजेडाची ती सवय इथं सोन्यासारखी आहे, ती सोडू नका. आतल्या ट्यूबलाइटखाली हुबेहूब वाटणारे दोन हिरवे दिवसाच्या उजेडात वेगळे पडतात, कारण दोघांतली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि प्रत्येक दिवा त्यांना वेगळं दाखवतो. फक्त मॅचिंग सेंटरमध्ये दोन कापडं एक दिसली की आपण खूश होतो. इथं दोन लड्या एक दिसल्या की त्यातली एक परत द्यायची.

थेट उन्हात बघू नका, सगळं फिकं वाटतं. सावलीतला, आभाळाचा उजेड हवा. पावसाळ्यातली ढगाळ दुपार तर रंग बघायला उत्तम, उजेड चारही बाजूंनी सारखा येतो. शिवाय चित्र शेवटी जिथं लागणार आहे तिथल्या दिव्याखालीही एकदा बघा. दिवाणखान्यात पिवळसर एलईडी असेल तर निळे मंदावतात आणि केशरी चढतात. तुमच्या चित्राला ते मानवेल.

लड्या आणल्या की लगेच ग्राफ भरायला बसू नका. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या, एका कडेला भोकं पाडा, प्रत्येकात एक दोरा अडकवा आणि शेजारी नंबर लिहा. फिक्यापासून गडदापर्यंत. कॅनव्हासच्या कडेला तुम्ही दोन-अडीच इंच कोरे सोडले असतील, नसतील तर आता सोडा. त्या मार्जिनमध्ये एकेक छोटा चौकोन भरून बघा. रंग एकटा नको, तो चित्रात ज्याला टेकणार आहे त्याच्यासोबत. लडीत दोरे ताणून एका दिशेनं बसलेले असतात, चमकतात. कॅनव्हासवर दर तिरप्या टाक्याला स्वतःची बारीकशी सावली पडते आणि तोच रंग थोडा दबून येतो. हा फरक भरल्याशिवाय कळत नाही. आणि दोऱ्याचे पदर पिळलेले बसले तर तो आणखी दबतो, म्हणून दर चार-पाच टाक्यांनी सुई लोंबकळू द्या, दोरा स्वतःहून उलगडतो.

१३ मेशवर सहाच्या सहा पदर लावा. कमी लावलेत तर टाक्यांमधून पांढरा कॅनव्हास डोकावतो, आणि गडद रंगात तर तो भुरभुरल्यासारखा दिसतो. ३७५० आणि ५०० च्या भागांत सहा पदर लावूनही डोकावेल. तिथं भरण्याआधी कॅनव्हासवर पातळ ॲक्रिलिक रंगाचा, करड्या किंवा मंद निळ्याचा, हात फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. भोकं बुजणार नाहीत इतका पातळ.

सहा पदरांचा एक फायदा तुम्हाला इथं होईल. हवी ती मधली छटा मिळाली नाही तर दोन लड्यांचे तीन-तीन पदर एकत्र करून सुईत ओवा. ९८६ आणि ९८८ चे तीन-तीन घेतले तर त्यांच्या मधला हिरवा होतो, जरा खडबडीत, सुती कापडासारखा. साडीला छान. चेहऱ्याला मात्र नको, माती लागल्यासारखं दिसतं.

किती लड्या? सुती लडी ८ मीटरची असते. १३ मेशवर बास्केटवीव्ह टाक्यानं, म्हणजे तिरप्या ओळींत भरत जायच्या टाक्यानं, सहा पदरांत, एक चौरस इंच भरायला साधारण सव्वा मीटर लागतो, म्हणजे एका लडीत सहा चौरस इंच. तुमचा हात सैल असेल तर पाचच. तुमचं चित्र १४४ चौरस इंच. ताडपत्री आणि रस्ता मिळून निम्म्याच्या आसपास जातील असं फोटोवरून दिसतं, तेव्हा बारा ते चौदा लड्या त्या चार नंबरांतच जातील. मोठ्या भागाचे नंबर एकाच दिवशी, एकाच लॉटमधले, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, घ्या. सुती दोऱ्यात लॉटचा फरक लोकरीइतका नसतो, पण सपाट गडद निळ्यात किंचितही फरक पट्ट्यासारखा दिसतो. झेंडूत दोन लॉट मिसळले तर उलट बरंच. अर्ध्या तिरप्या टाक्यानं दोरा वाचतो, पण कॅनव्हास जास्त वाकडा होतो आणि मागची बाजू विरळ राहते. मोनो कॅनव्हासवर ते करू नका.

लोकर वापरू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. आपल्याकडे जुन्या घरांत फ्रेममध्ये पोपट, राजहंस आणि ‘सुस्वागतम’ दिसतं ते बऱ्याचदा विणकामाच्या साध्या लोकरीचं असतं. ती ताणली जाते, तिच्या गाठी निघतात, आणि तिच्या केसांमुळे दोन रंगांमधली कड धूसर होते. ठसठशीत पोपटाला चालतं. तुमच्या चित्रात ७४० आणि ९०० मधला फरक हाच जीव आहे, तो लोकरीत हरवेल. टॅपेस्ट्रीसाठीची वेगळी लोकर मिळते, चांगली असते, पण मग रंगही तिच्याच शेड कार्डातून नव्यानं निवडावे लागतील. सुतीवरच राहा. बाजारात सुटा मिळणारा चमकदार कृत्रिम रेशमी दोरा तर घेऊच नका, तो रंग सोडतो.

रंग सोडण्याचं नीडलपॉइंटमध्ये विशेष भय आहे. काम संपलं की तिरपा झालेला कॅनव्हास ओला करून, ताणून, चौकोनी करून वाळवावा लागतो, तेव्हा सगळे रंग एकत्र ओले होतात. नव्या लडीचं टोक पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती फडक्यात दाबून ठेवा, वाळल्यावर बघा. तांबूस, गडद निळे आणि गडद हिरवे सगळ्यात आधी तपासा, नामांकित कंपनीचे असले तरी. ग्राफ कॅनव्हासवर उतरवायला जे पेन वापराल त्याचीही हीच परीक्षा. पाण्यानं न पसरणारं असं लिहिलेलं पेनसुद्धा पसरतं, आणि ते निशिगंधाच्या खालीच पसरतं.

भरायला सुरुवात केशरी ढिगापासून करा, त्यातही ९०० आणि ३०० पासून. सावल्या जागच्या जागी बसल्या की ७४० कुठं थांबवायचा ते हाताला कळतं. मग साडी, मग चेहरा. चेहरा भरण्याआधी त्याच्या मागची ३७५० ची ताडपत्री निदान दोन बोटं भरून घ्या, म्हणजे तपकिरी खऱ्या शेजारात बसेल. रस्ता कंटाळवाणा आहे, तो लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की होतो. निशिगंध सगळ्यात शेवटी. तुम्ही आता सुरुवात करणार म्हणजे मे महिन्याचा घाम मध्ये येणारच, आणि ३८६५ वर बोटांचा डाग बसला की तो ३०७२ होऊनच थांबतो.